केंटकी-३१ : गवतातला भाडेकरू

१९३१ साली केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक ई. एन. फर्गस मेनिफी परगण्यात काकवीच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून गेले होते. काकवी उसाची नव्हे, तिकडच्या गोड ज्वारीच्या ताटांची. तिथे त्यांच्या कानावर आलं, की विल्यम सूटर नावाच्या शेतकऱ्याच्या डोंगरउतारावर एक गवत आहे, ते थंडीतही हिरवं राहतं. फर्गस यांनी बी आणलं, बारा वर्षं पारखलं, आणि १९४३ मध्ये 'केंटकी-३१' बाजारात आलं.

हे टॉल फेस्क्यू, मूळचं युरोपातलं. मुळं खोल, दुष्काळ सोसणारं, किडीला न जुमानणारं. धुपलेल्या जमिनी धरून ठेवायला शेतकऱ्यांनी ते पेरलं, पुढे घरापुढच्या लॉनमध्येही आलं.

मी नॉर्थ कॅरोलायनात कोड लिहून पोट भरतो. हा प्रदेश गवतासाठी अडचणीचा: थंडीतल्या गवतांना इथला उन्हाळा जाळतो, उन्हाळी गवतं हिवाळ्यात वाळक्या रंगाची होतात. 'बर्म्युडा ग्रास' म्हणून इथे पिशवीतून विकतात ती आपली हरळी, गणपतीच्या दूर्वा. डिसेंबरात तीही तपकिरी पडते. शेजारचं फेस्क्यू मात्र हिरवंगार.

या चिवटपणाची किंमत आधी गुरांनी मोजली. फेस्क्यूवर चरणाऱ्या गाई उन्हाळ्यात धापा टाकायच्या, अंगाला लागायच्या नाहीत. थंडीत काहींचे खूर सडायचे, शेपटीची टोकं गळायची. गवतात तर पोषण भरपूर दिसत होतं! कितीतरी वर्षं कुणाला उत्तर सापडेना.

उत्तर मिळालं जॉर्जियात. तिथल्या एका शेतावर एका कुरणातली गुरं आजारी होती, दुसऱ्यातली ठीक. चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडचं गवत तपासलं. आजारी कुरणातल्या गवतात पेशींच्या मधल्या जागेत एक बुरशी राहत होती. बाहेरून काही खूण नाही. ती हवेतून पसरत नाही, बियांतून पुढच्या पिढीत जाते. १९७७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे कळलं, की बुरशी तयार करत असलेली अर्गट जातीची द्रव्यं गुरांच्या रक्तवाहिन्या आकसवतात.

मग बुरशीमुक्त बियाणं आलं. गुरं सुधारली, पण गवतच टिकेना. दुष्काळ आणि चराई एकत्र आली की कुरण विरळ व्हायचं. ज्याला आपण गवताचा चिवटपणा म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा या बिनभाड्याच्या भाडेकरूचा होता. जुन्या कोडमधली 'नको असलेली' डिपेंडन्सी काढावी आणि लोड वाढल्यावर अख्खी सिस्टिम बसावी, तसं.

२००० च्या सुमारास जॉर्जिया विद्यापीठ आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी मधला मार्ग काढला: गवताला सांभाळणारी, पण गुरांना न बाधणारी बुरशी निवडून फेस्क्यूत घातली. लॉनवाल्यांनी उलटं केलं. रटगर्स विद्यापीठात रीड फंक यांनी १९८० च्या आसपास 'रेबेल' हे बारीक पात्याचं, लॉनसाठीचं फेस्क्यू आणलं. नंतर लॉनच्या जातींत बुरशी मुद्दाम राखली जाऊ लागली. लॉनवर गाय चरत नाही, किडे मात्र येतात.

म्हणून फेस्क्यू लावणार असाल, तर सप्टेंबरात पेरा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातील. तीन-चार इंचांखाली कापू नका. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा कधीतरी, पण भरपूर द्या. हे गवत झुपक्यांनी वाढतं, हरळीसारखं पसरून खड्डे भरत नाही, म्हणून दर शरदात रिकाम्या जागी पुन्हा बी टाकावं लागतं. कापलेलं गवत गाई-घोड्यांना घालू नका. गाभण घोडीला तर मुळीच नाही. आणि पिशवीवरची तारीख बघा. उबदार, दमट गोदामात बी वर्षभर पडलं की आतली बुरशी बियाआधी मरते. बी उगवतं, लॉन हिरवं होतं, पहिल्या पावसात फरकही दिसत नाही. भाडेकरू घर सोडून गेलाय हे कडक उन्हाळ्यातच कळतं.