पाचशे ओळी, एकच नोंद

रोजकीर्दीत आकडा चुकला तर तो खोडायचा नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, ही शिस्त आपल्याला माहीत आहे. जिम ग्रे यांनी 1981 मध्ये डेटाबेसमधल्या व्यवहारांवर निबंध लिहिला, त्यात हिशेबनिसांच्या याच नियमाचा दाखला दिला. आज आपण ज्याला ऑडिट लॉग म्हणतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

आता ही नोंद करायची कोणी? त्यासाठी ट्रिगर आला. टेबलात ओळ आली की आपोआप चालणारा कोड म्हणजे ट्रिगर. आयबीएमच्या सिस्टम आर प्रकल्पात 1970 च्या दशकात त्यावर विचार झाला होता. पुढे सायबेसने तो बाजारात आणला आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला तो वारशाने मिळाला. या घराण्यात ट्रिगर एका आज्ञेला एकदाच चालतो आणि नव्या ओळी ‘इन्सर्टेड’ नावाच्या तात्पुरत्या टेबलात एकत्र मिळतात. ओरॅकल 7 मध्ये, 1992 साली, दर ओळीला चालणारा ट्रिगरही लिहिता येऊ लागला. एसक्यूएलच्या 1999 च्या प्रमाणात दोन्ही प्रकार आले. म्हणजे शब्द एक, वागणं दोन तऱ्हांचं.

घोळ होतो तो इथेच. ‘इन्सर्टेड’मधला क्रमांक एका चलात घ्यायचा आणि लॉगमध्ये एक ओळ लिहायची, असा कोड सर्रास दिसतो. चाचणीत एकच ओळ घातली जाते, सगळं ठीक दिसतं. मग समजा रात्री एकाच आज्ञेने पाचशे ओळी आल्या, तर लॉगमध्ये नोंद एकाच ओळीची होते. एररही येत नाही!

कॉड यांनी 1970 मध्येच माहितीकडे संच म्हणून पाहायला सांगितलं होतं. उपायही तोच: चल काढून टाका, ‘इन्सर्टेड’मधल्या सगळ्या ओळी एकाच आज्ञेने लॉगमध्ये घाला. तरीही नोंदी कमी पडल्या, तर बल्क इन्सर्ट वापरलंय का ते बघा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मुद्दाम सांगितल्याशिवाय ते ट्रिगर चालवत नाही.

भारतात 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा ऑडिट ट्रेल बंधनकारक आहे. पण राहून गेलेली नोंद नुसता लॉग वाचून सापडत नाही. म्हणून चाचणीत निदान तीन ओळी एकदम घालू या, आणि मूळ टेबल व लॉग दोन्हींची मोजणी ताडून पाहू या.