हत्तीनच्या आधीचा पराभव

इतिहासात 'जर-तर'ला जागा नाही, असे आपण म्हणतो आणि लगेच पानिपतावर तासभर 'जर-तर' करतो. मला त्यात गैर वाटत नाही. एखादी घटना घडली नसती तर काय झाले असते, हे विचारल्याशिवाय तिचे वजन तरी कसे करणार? अट एकच : आपण सुचवलेला पर्याय त्या काळच्या माणसांसमोर खरोखर असायला हवा. ही अट पाळून मी येथे जेरुसलेमच्या क्रुसेडर राज्याचा विचार करणार आहे.

पहिल्या क्रुसेडच्या युरोपीय सैन्याने 15 जुलै 1099 रोजी जेरुसलेम जिंकले आणि तेथील रहिवाशांची कत्तल केली. त्या मोहिमेतून एडेसा, अँटिओक, त्रिपोली आणि जेरुसलेम अशी चार राज्ये उभी राहिली. 1291 मध्ये अक्रे पडले आणि मुख्य भूमीवरची ही सत्ता संपली. ती टिकली असती का, या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे : हत्तीनची लढाई झाली नसती तर!

जुलै 1187 मध्ये राजा गी द लुझिन्यान याचे सैन्य सफुरियाच्या झऱ्यांपाशी होते. सलाउद्दीनने तिबेरियासला वेढा घातला होता. तेथील किल्ल्यात त्रिपोलीच्या रेमंडची पत्नी अडकली होती. तरीही पाणी सोडून पुढे जाऊ नये, असा सल्ला खुद्द रेमंडनेच दिला. राजाने तो आधी मानला, पण रात्रीतून निर्णय फिरवला. 4 जुलैला तहानेने व्याकूळ झालेले सैन्य हत्तीनच्या टेकड्यांपाशी संपले. 2 ऑक्टोबरला जेरुसलेम शरण गेले.

गी जागेवरच थांबला असता तर? याचे उत्तर कल्पनेने द्यावे लागत नाही. 1183 मध्ये त्याने नेमके हेच केले होते. सलाउद्दीनने चढाई केली, गीने लढाई टाळली आणि काही दिवसांनी सलाउद्दीन परत गेला. राज्य वाचले, पण सरदारांनी गीला भित्रा ठरवले आणि त्याचे कारभारीपदही लवकरच गेले. 1187च्या त्या रात्री ही आठवण त्याच्या मनात नसेल, असे मला वाटत नाही.

पण गी थांबला असता, तरी सलाउद्दीन पुढच्या वर्षी पुन्हा आला असता. इजिप्त, दमास्कस आणि अलेप्पो एकाच माणसाच्या हाती होते. तो एक मोहीम हरला तरी दुसरी काढू शकत होता. जेरुसलेमला मात्र हत्तीनसाठी किल्ल्यांतली शिबंदीही बाहेर काढावी लागली होती, म्हणून एका पराभवानंतर किल्ले राखायला माणसे उरली नाहीत. तेव्हा खरा प्रश्न असा की, हे तिन्ही मुलूख एका हाती गेलेच कसे?

त्यासाठी 1168कडे जावे लागते. कैरोत फातिमी खिलाफत खिळखिळी झाली होती आणि सत्ता वजीर शावरकडे होती. सीरियाच्या नूरुद्दीनची त्याला धास्ती होती. म्हणून 1167मध्ये त्याने जेरुसलेमचा राजा अमाल्रिक याच्याशी तह केला : वर्षाला 1,00,000 दिनार खंडणी आणि कैरोत फ्रँकांची एक तुकडी. जेरुसलेमला दक्षिणेचा शेजारी आता शत्रू नव्हता, उलट खंडणी देत होता.

पुढच्याच वर्षी अमाल्रिकने हा तह मोडला. टेंपलर पंथाने मोहिमेत यायला नकार दिला. बायझंटाइन सम्राटाशी मदतीची बोलणी झाली होती, पण तिची वाट पाहिली गेली नाही. नोव्हेंबर 1168मध्ये फ्रँकांनी बिल्बेस घेतले आणि तेथे कत्तल केली. परिणाम व्हायचा तोच झाला. कैरोने नूरुद्दीनलाच हाक मारली. त्याचा सेनापती शिरकूह जानेवारी 1169मध्ये कैरोत शिरला, शावर मारला गेला. दोन महिन्यांत शिरकूहही वारला आणि वजिरी त्याच्या पुतण्याला मिळाली. तो पुतण्या म्हणजे सलाउद्दीन. त्याच राज्यात वाढलेल्या टायरच्या विल्यमने आपल्या इतिहासग्रंथात या मोहिमेचा दोष लोभाला दिला आहे.

तह पाळला असता तर? शावर काही भरवशाचा नव्हता आणि नूरुद्दीनही स्वस्थ बसला नसता. पण आपल्या हाताने कैरोला नूरुद्दीनच्या दारात ढकलले नसते, तर दोन दुभंगलेल्या शेजाऱ्यांमधले एक छोटे राज्य म्हणून जेरुसलेमला आणखी काही पिढ्या मिळाल्या असत्या, असे माझे मत आहे. 'कायमचे' असे मात्र मी म्हणणार नाही.

क्रुसेडर सत्तेची एक फांदी खरोखरच टिकली. 1192पासून लुझिन्यान घराण्याने सायप्रसवर राज्य केले. 1489मध्ये बेट व्हेनिसकडे गेले. अक्रे पडल्यावर तिथले निर्वासित आणि व्यापार फामागुस्ता बंदरात आले. भोवती समुद्र होता, शेजाऱ्यांशी देवघेव होती. त्या राजांना निकोसियात सायप्रसचा आणि फामागुस्तात जेरुसलेमचा, असे दोन मुकुट चढवले जात. जेरुसलेम तर शतकापूर्वीच हातचे गेले होते. ज्यासाठी राज्य उभे राहिले ते नाव सोडवले नाही. पण तगवले ते समुद्राने आणि बाजाराने. अमाल्रिकलाही 1167मध्ये जवळपास तसाच सौदा मिळाला होता. तो त्याला कमी वाटला.