फ्लॉपीतून आलेली साथ

बंगळुरास बदलून आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही दिवसांतच बसवनगुडी किंवा मल्लेश्वरम् गाठावे लागते; भाड्याचे घर तरी पाहावयाचे असते, नाही तर कोणा आप्तांकडे जेवावयास जावयाचे असते. प्रशस्त रस्त्यांच्या या वसाहती भरीस आल्या त्या १८९८ च्या प्लेगनंतर, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते. ती साथ हुबळीकडून रेल्वेने, रेल्वेच्याच एका अधिकाऱ्याच्या नोकराबरोबर शहरात शिरली. साहेबांचे बिऱ्हाड आणि बिऱ्हाडामागून रोग! बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींस ही हकीकत थोडी झोंबावी अशीच आहे. कारण ब्याण्णव वर्षांनी आपल्या देशात दुसरी एक साथ प्रकट झाली, आणि तीही पुष्कळदा कचेरीच्या पिशवीतूनच घरोघर पोहोचली.

ही साथ संगणकाच्या विषाणूंची. दुसऱ्या प्रणालीत आपली प्रत घुसवून पुढे पसरणाऱ्या प्रणालीस 'विषाणू' हे नाव अमेरिकेत १९८३ साली फ्रेड कोहेन यांच्या प्रयोगामुळे रूढ झाले. नाव सुचविले त्यांचे गुरू लेन एडलमन यांनी. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा अल्वी बंधूंचा 'ब्रेन' फ्लॉपीवरून जगभर हिंडला. आणि १९९० च्या जूनमध्ये हिंदुस्थानात जो सापडला, त्याचे नाव वाचून मराठी माणूस दचकल्यावाचून राहणार नाही. तो होता 'जोशी'!

हा जोशी फ्लॉपीच्या आरंभभागात दबा धरून बसे. अशी फ्लॉपी आत राहून संगणक सुरू झाला की तो स्मृतीत शिरे, तेथून मुख्य चकतीवर आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीवर. वर्षभर त्याचा उपद्रव सहसा ध्यानात येत नसे. ५ जानेवारीस मात्र यंत्र थबके आणि 'हॅपी बर्थडे जोशी' हे शब्द टंकित करावयास सांगे. ते टंकित केले की मुकाट्याने कामास लागे. वाढदिवसाच्या शुभेच्छा अशा दरडावून वसूल करणारा दुसरा जोशी आमच्या पाहण्यात नाही. विनोद सोडला तरी त्याची एक खोड ध्यानात घेण्याजोगी होती. तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीतून हलत नसे. वीज पुरती बंद करावी, लिहिण्याची खाच चिकटपट्टीने बुजविलेल्या निर्मळ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करावे आणि मगच सफाईस हात घालावा, हाच उपाय. सोवळ्याचा हा आधुनिक अवतारच म्हणावयाचा.

औषध निघाले ते दुरुस्तीच्या बाकावर, आणि तेही पुण्यात. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून गणनयंत्रे दुरुस्त करू लागले. दुरुस्तीस येणारे संगणक बहुधा विषाणूंनीच ग्रासलेले असत. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी आग्रहाने संगणकशास्त्र शिकविले. संजय यांनी विषाणू काढून टाकणाऱ्या लहान प्रणाली रचल्या आणि त्यांतूनच १९९० च्या दशकाच्या मध्यास 'क्विक हील' उभे राहिले. रोगी रोज दारात येत होते म्हणून वैद्य तयार झाला, असे आम्हांस वाटते. २०१७ साली केंद्र सरकारने 'सायबर स्वच्छता केंद्र' उघडले, तेव्हा नागरिकांस विनामूल्य दिलेल्या सफाईच्या साधनांत पुण्याच्या याच संस्थेचे साधन होते.

तथापि औषधावर सर्वस्वी विसंबता येत नाही. प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी प्रणाली असूच शकत नाही, हे कोहेन यांनी गणिताने दाखवून ठेवले आहे. २०१७ च्या १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने जगभर संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी सुधारणा मार्चमध्येच, सुमारे दोन महिने आधी, विनामूल्य निघाली होती. ती बसविण्याचा कंटाळा केलेल्यांवर मुख्यतः प्रसंग ओढवला. आणि कुलूप पडलेल्यांतही, ज्यांनी कागदपत्रांची प्रत यंत्राला न जोडलेल्या दुसऱ्या चकतीवर ठेवली होती, त्यांना खंडणीखोराचे तोंड पाहावे लागले नाही.

हा कंटाळा आमच्याही परिचयाचा आहे. २००९ साली आम्ही येथे जयनगरास राहत असता कचेरीचे अपुरे काम एका पेन ड्राइव्हवर घरी आणले. त्या काळी पेन ड्राइव्ह जोडताच आतली प्रणाली आपोआप सुरू होत असे. संगणकाची ही सवय मायक्रोसॉफ्टने जुन्या यंत्रांतून मोडली ती २०११ मध्ये. विषाणूनाशक आमच्याकडे होते, पण त्याची मुदत दिवाळीतच संपली होती, आणि नूतनीकरण 'पुढच्या पगारानंतर' करावयाचे होते. आठवडाभराने यंत्र सुरूच होईना. दुरुस्तीस आलेल्या मुलाने बिचाऱ्याने पुष्कळ खटपट केली आणि अखेर चकती कोरी करण्याची परवानगी मागितली. आम्ही ती दिली. आत काय आहे, हे त्या क्षणी आठवलेच नाही.

आत वडिलांची पत्रे होती. त्यांच्या हस्ताक्षरातील एकेचाळीस पत्रांची छायाचित्रे आम्ही एका उन्हाळ्यात हौसेने काढून ठेवली होती. मूळ पत्रांची पेटी पुढल्या बदलीत, मालमोटारीतून सामान उतरविताना, कोठे राहिली ते कळले नाही. त्यांपैकी सात पत्रे आमच्या भगिनीने नागपुरास आपल्या संगणकावर उतरवून घेतली होती. तेवढीच उरली.