मांडव, रंगमंच आणि वही

ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावणे हे गाव आज कारखान्यांच्या पाट्यांवरून ओळखावे लागते. हा सारा पट्टा पूर्वी भातशेतीचा, मिठागरांचा आणि खाडीतल्या मासळीवर जगणाऱ्या आगरी-कोळ्यांचा. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये सिडको आली, १९९२ च्या पहिल्या दिवशी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि तीस वर्षांत शेताचे बांध पुसले गेले. गावाचे नाव कानावर पडले की 'पाहुणे' हा शब्द आठवतो. आणि थट्टेने का होईना, असे म्हणावेसे वाटते की या गावात पाहुणे इतके आले की घरचेच पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसले. पण ती कहाणी आजची नव्हे. आम्हांस या गावाच्या लग्नमांडवात जरा वेळ थांबून मग पुढे जावयाचे आहे.

आगरी लग्नात धवलारीण नावाची एक व्यक्ती असते. हळद लागण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचा एक धवला असतो आणि तो तिच्या तोंडी असतो. कित्येक घरी पूर्वी ती असली म्हणजे भटजीवाचून लग्न अडत नसे. जुन्या पिढीतल्या धवलारणीला बहुधा अक्षर ओळखता येत नसे. पण शेकडो ओळी तिला मुखोद्गत असत. ती आपल्या सासूकडून, मावशीकडून, शेजारणीकडून त्या शिकलेली असे. आणि ती एकटी गात नाही. ती ओळ उचलते, बाजूच्या बाया ती झेलतात, पुन्हा तिच्या हाती देतात. त्या वेळी मांडवातले पंच, पुढारी, वरपिता सगळे तिच्या शब्दाची वाट पाहत बसलेले असतात. बाईच्या शब्दाला इतका मान आमच्या समाजात दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल.

मात्र मांडव उतरला की तो मान उतरे. गावाच्या बैठकीत हीच बाई दाराआड उभी राही. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन पेटले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या दिवसांत या पट्ट्यातल्या बाया मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या तोंडून ती हकीकत ऐकावयास आम्हांस फार आवडेल. भाषणे बहुतेक पुरुषांची छापली गेली. म्हणजे बाईला आवाज नव्हता असे नव्हे. विधीपुरता होता, तिच्या स्वतःच्या गोष्टीपुरता नव्हता. गाता येणे आणि बोलता येणे यांत जे अंतर आहे, ते मराठी स्त्रीने कसे कापले, हा आजचा विषय.

मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला असे आपण शाळेत शिकलो. नाटक सीतेचे, पण सीता पुरुष. पुढे पाऊणशे-ऐंशी वर्षे रंगभूमीवरची कुलीन नायिका बहुतेक पुरुषच होता. बालगंधर्वांच्या कलेविषयी आमच्या मनात आदरच आहे; महाराष्ट्रातल्या कुलस्त्रिया लुगडे कसे नेसावे, गजरा कसा माळावा हे त्यांच्याकडे पाहून शिकत, यात त्यांचा मोठेपणा दिसतो. परंतु बाईने बाईपण एका पुरुषाकडून शिकावे, ही गोष्ट जरा विचार करण्यासारखी आहे खरी.

या इतिहासात १८५५ हे साल आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्यात एक गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा भटजीच्या भूलथापांना बळी पडतात, आणि शेवटी दोघे शिकावयास निघतात. त्याच वर्षी 'ज्ञानोदया'त एक निबंध छापून आला. लेखिका फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांच्या सुमाराची मुलगी, मुक्ता साळवे. विषय मांग-महारांचे दुःख. आपल्या लोकांच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे काय होत असेल, हे तिने लिहिले. प्रौढ पंडितांनी लिहिलेल्या त्या काळच्या किती निबंधांत बाळंतिणीच्या डोक्यावरचे छप्पर आले असेल? मास्तरांच्या नाटकातली बाई शाळेकडे निघाली होती आणि मास्तरांच्या शाळेतली मुलगी लिहीत होती. नाटक आणि वही या दोन गोष्टी आमच्याकडे तेव्हापासून एकमेकींच्या शेजारी आहेत. पण त्यांची गाठ पडावयास फार काळ लागला.

हिराबाई पेडणेकरांचे उदाहरण घ्या. सावंतवाडीकडच्या कलावंतिणीच्या घराण्यात जन्म, गाण्याची उत्तम तालीम, आणि मुंबईत नाटककार, कवी, गवई यांची घरी ऊठबस. 'जयद्रथ विडंबन' लिहिल्यावर त्यांनी 'संगीत दामिनी' लिहिले आणि १९१२ मध्ये ललितकलादर्श मंडळीने ते रंगभूमीवर आणले. स्त्रीने लिहिलेले आणि व्यावसायिक नाटक मंडळीने केलेले हे पहिले मराठी नाटक मानले जाते. एवढ्या यशानंतर त्यांच्याकडून आणखी दहा नाटके यावयास हवी होती. ती आली नाहीत. मुंबई सोडून त्या गुहागरजवळच्या पालशेतला गेल्या आणि १९५१ मध्ये तेथेच वारल्या. कुलाच्या शिक्क्याने त्यांना गप्प केले असे म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण आम्ही त्यात आपला एक तर्क घालतो. हिराबाईंना मित्र पुष्कळ होते. लिहिलेले वाचून दाखवावे, हसावे, रडावे, 'माझ्याही घरी असेच झाले' असे जिने म्हणावे अशा मैत्रिणींचे मंडळ नव्हते. कुलीन स्त्रिया त्यांच्या उंबऱ्यावर येणार नव्हत्या आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांना वही धरण्याची सवड नव्हती.

याच्या उलट गिरिजाबाई केळकर. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' या नाटकाला त्यांनी १९१३ मध्ये 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिले. नाटकाला नाटकानेच उत्तर देण्याची ही हिंमत आम्हांस आजही कौतुकाची वाटते. १९२८ मध्ये त्या मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या पाठीशी घराणे होते, शिक्षण होते, हे खरेच. पण जळगावात त्यांनी उभे केलेले भगिनी मंडळही होते. बाई एकटी असली की तिचे लिहिणे चमत्कार ठरते. चारजणी असल्या की ते काम ठरते, आणि काम पुढे चालते.

आणि याच जळगावात, याच वर्षांत, बहिणाबाई चौधरी जात्यावर बसून ओव्या रचीत होत्या. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलाने आणि मावसभावाने टिपून घेतले म्हणून ती गाणी उरली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये निघाले. एका गावात एकीकडे मंडळ आणि नाटक, दुसरीकडे जाते आणि ओवी. या दोहोंच्या मधल्या भिंतीत दार पाडण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर आले.

मधला काळ आम्ही झरझर ओलांडतो. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि पुरुषाने बाई होण्याचे दिवस संपत आल्याची द्वाही फिरली. पुढे नटी आल्या, थोर नटी आल्या. पण त्यांच्या तोंडची वाक्ये बहुधा पुरुषांनी लिहिलेली असत.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली. १९८३ मध्ये संघटनेने एक नाटक बसविले, 'मुलगी झाली हो'. लेखिका ज्योती म्हापसेकर. त्या तेव्हा मुंबईतल्या एका वास्तुशास्त्र महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. नाटकातल्या बायका धंदेवाईक नटी नव्हत्या, संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या. दिवसा नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक, आणि त्यातून वेळ काढून तालीम. मुलगी जन्मास येताच घरावर पडणारी अवकळा, शाळा सुटणे, लग्न, हुंडा, मारहाण, असा बाईच्या जन्माचा प्रवास त्यांनी गाण्यांच्या आणि विनोदाच्या अंगाने मांडला. ज्या वर्षी हे नाटक आले त्याच वर्षाच्या अखेरीस सासरच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत घातले गेले. गर्भजलपरीक्षेने मुलगी ओळखून ती जन्मापूर्वीच नाहीशी करण्याचा धंदा मुंबईत तेव्हा उघड चालू होता. त्यावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. म्हणजे नाटक कायद्याच्या मागून आले नाही, बरोबर किंवा पुढेच चालले.

या नाटकाचे प्रयोग हजारोंच्या घरात गेले. अन्य भाषांतही ते झाले. १९८५ च्या स्त्री मुक्ती यात्रेत ते मुंबईबाहेर गावोगाव पोहोचले. नाट्यगृह मिळाले तर नाट्यगृहात, नाहीतर शाळेच्या पटांगणात, वस्तीतल्या चौकात. अशा नाटकांना 'प्रचारकी' म्हणून नाक मुरडण्याची आपल्याकडे चाल आहे. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. यातले सासरे आणि नवरे कधी कधी सोंगट्यांसारखे दिसतात, यात शंका नाही. पण जे नाटक पाहून बाई घरी जाऊन जावेशी बोलू लागते, त्याला तोलण्याचा तराजू नाट्यपरीक्षणाच्या स्तंभात कसा सापडावा?

आमच्या मते खरी गोष्ट प्रयोगापूर्वी, तालमीत घडते. ज्या मुलीला घरी 'हळू बोल' एवढेच ऐकावयास मिळाले, तिला येथे कोणी तरी सांगते, 'मागच्या रांगेला ऐकू जाऊ दे.' आधी तिला स्वतःच्या आवाजाचाच धक्का बसतो. मग ती ज्या बाईची भूमिका करीत असते, तिच्या नावाने 'मी' म्हणते. स्वतःच्या नावाने म्हणण्याची लाज असते. दुसरीच्या नावाने म्हणताना ती लाज आड येत नाही. सुनेला जाळल्याचा प्रसंग बसवताना कोणी म्हणते, 'आमच्या वाडीत असे झाले नाही, असे झाले,' आणि वाक्य बदलते. वाक्य बदलले म्हणजे ती नटीची लेखिका झाली. नाव छापून येवो वा न येवो. पुष्कळजणींची लेखणी अशी जिभेवरून हातात उतरली आहे.

लेखणीच्या बाजूनेही हेच दिसते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी मिळून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव शोधले, त्यांच्या पायाशी बसून हकीकती ऐकल्या, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. नावातच 'आम्ही' आहे. ऊर्मिलाबाईंचे 'आयदान' हे आत्मकथन त्यानंतर, २००३ मध्ये आले. आधी दुसऱ्यांची गोष्ट लिहिली, मग स्वतःची. हा क्रम आम्हांस योगायोगाचा वाटत नाही.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. जमैका हे बेट आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. तेथे किंग्स्टन शहरात १९७७ मध्ये सरकारी कामावरच्या तेरा गरीब बायका एकत्र आल्या. त्यांतल्या बहुतेक रस्ते झाडणाऱ्या. ऑनर फोर्ड-स्मिथ या दिग्दर्शिकेच्या मदतीने त्यांनी 'सिस्ट्रेन' नावाचे नाट्यमंडळ काढले. नाटके त्यांनी स्वतःच्या आयुष्यांतून, एकमेकींना विचारून, करून पाहून रचली. पहिलेच नाटक कपडे शिवण्याच्या कारखान्यातल्या कामकरी बायकांविषयी होते. १९८६ मध्ये त्यांच्या जीवनकथांचे पुस्तक निघाले, आणि त्यातल्या पुष्कळ कथा शाळेतल्या इंग्रजीत नव्हे, तर त्या बायका घरी बोलतात त्या बोलीत छापल्या गेल्या. हा निर्णय लहान नव्हता. बोली कागदावर आली की तिच्या शुद्धलेखनाचे नियम कोणी ठरवायचे, वाचणाऱ्याला कळणार कसे, लोक हसतील काय, असे सगळे प्रश्न उभे राहतात.

ते प्रश्न पावणे गावातही उभे आहेत. या गावची मुलगी आता कॉलेजात जाते, प्रमाण मराठीत निबंध लिहिते, इंग्रजीत अर्ज भरते. तिची आजी आगरीत बोलते. त्या बोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. काळा तो 'काला' आणि पाणी ते 'पानी'. शाळेने मुलीला हे चुकीचे म्हणून खोडावयास शिकविले. आता समजा, चार मैत्रिणींनी मिळून एक नाटक करावयाचे ठरविले. गेलेल्या शेतांचे, कंपनीच्या भोंग्याचे, लग्नात मान असलेल्या आणि बैठकीत नसलेल्या बाईचे. धवला त्यात येणारच. तो उतरून घ्यावयास त्या आजीपाशी बसतात. आजी ओळ म्हणते, एकजण वहीत लिहिते, दुसरी म्हणून पाहते, आणि आजी 'असं नाय' म्हणून ती पुन्हा उचलते. लिहिणारीचा हात मध्येच थांबतो. वहीत 'पाणी' लिहावे की 'पानी', हे तिला ठरवता येत नाही, आणि बाकीच्या तिघी तिच्याकडे पाहत असतात.