बरणीवर ‘कवठ’, आत मोह

साठवणीच्या पदार्थांचा विषय निघालाय, तर आमच्या इंदूरच्या घरातली एक लपवाछपवी सांगतो.

ऐंशीच्या दशकात माझी बदली झाबुआ जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. भिल्ल बायका झाडाखालची जागा आधीच साफ करून ठेवतात आणि टोपल्या भरतात. एकदा मी ताजी फुलं घरी आणली. आईने एक चाखली, म्हणाली, “अरे, ही तर साखरच!”

नुसत्या फुलांची जेली धरेना. गोडी भरपूर, पण आंबटपणा आणि चिकटपणा नाही. कवठात दोन्ही असतं, आणि तेव्हा कवठं संपत आलेली पण मिळायची. आई फुलांतले केसर काढून फुलं उकळायची, कवठाचा गर वेगळा उकळायची. दोन्ही पंच्यातून गाळायची, पण पिळायची नाही. पिळलं की जेली गढूळ. वाटीला वाटी साखर. चमच्यावरून थेंब न पडता पदर सुटला की गॅस बंद. बाटल्या पातेल्यात खाली फडकं घालून उकळलेल्या, जेली गरमच भरायची, वर वितळलेलं मेण. दिवाळीपर्यंत टिकायची.

चिठ्ठीवर मात्र फक्त ‘कवठ’. मोह म्हणजे दारू, एवढंच आमच्या गल्लीला ठाऊक.

ही समजूत आपोआप झालेली नाही. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये खास मोहाफुलांसाठी वेगळा कायदा. फुलं गोळा करणं, साठवणं यावरच बंधनं. चोरटी दारू थांबवायची, हे कारण. हे गरिबाचं अन्न आहे, असं तेव्हाही लोकांनी सांगितलं होतं. वाळवलेली फुलं भाजून, कुटून, धान्यात मिसळून खातात. दुष्काळात तर तोच आधार. झाबुआ तेव्हा संस्थान, तो कायदा तिथला नव्हे. पण सरकारी नजर सगळीकडे तीच झाली.

माझीही तीच होती. दुसऱ्या वर्षी एका भिल्ल बाईने ४ टक्के व्याजाच्या डीआरआय योजनेत अर्ज केला. हंगामात फुलं घेऊन वाळवायची, पावसाळ्यात भाव चढला की विकायची. व्यवहार चोख होता (बी.कॉम. माणसाला एवढं कळतं). मी शेरा मारला: ‘मद्याचा कच्चा माल, नामंजूर.’

रविवारी घरी हे सांगितलं. आई बरणी पुसत होती. “मग ही कुठल्या खात्यात टाकतोस?”

पुढच्या हंगामात मी निरोप पाठवला. ती बाई आली नाही. सावकाराकडून पैसे घेतले होते, असं शिपाई म्हणाला.

त्या वर्षी आईने चिठ्ठीवर ‘मोह आणि कवठ’ असं लिहिलं. शेजारच्या काकूंनी ती वाचली आणि वाटी तशीच ताटात ठेवली.