मोहोळ का उठून जाते?
मधमाशीच्या रोगांच्या शोधाची हकिकत



"मोहोळ उठून गेलं" हे वाक्य आपल्या खेड्यांतून सहज बोलले जाते. झाडाच्या ढोलीत, विहिरीच्या कपारीत नांदणाऱ्या सातेरी माश्या एके दिवशी सगळी पोळी टाकून निघून जातात. का गेल्या? कुणी म्हणतो धूर लागला, कुणी म्हणतो नजर लागली, कुणी मुंग्यांवर ठपका ठेवतो. मागे राहिलेल्या पोळ्यात डोकावले तर मेणकिड्याची जाळी दिसतात आणि मग सारा दोष त्या किड्याच्या माथी जातो. वास्तविक मेणकिडा हा बहुधा पडक्या घरात शिरणारा चोर. घर त्याच्या आधीच खचलेले असते. ते कशाने खचते, हे माणसाला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हळूहळू उमगत गेले आणि त्या शोधाचा एक अध्याय आपल्याकडे, पुण्या-महाबळेश्वराच्या बाजूला, लिहिला गेला.

रोग समजायचा तर आधी तो दिसला पाहिजे. पूर्वी मध काढायचा म्हणजे पोळे कापायचे आणि पिळायचे. अळी, परागकण, मध सगळे एकाच फडक्यात! त्यात आजारी अळी कोणती आणि निरोगी कोणती, हे कोण पाहणार? १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ ह्या गृहस्थाच्या ध्यानात आले की, चौकट आणि पेटीची भिंत ह्यांमध्ये बोटभराहून कमी, पण ठरावीक फट ठेवली तर माश्या ती मेणाने वा डिंकाने बुजवीत नाहीत. जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. एवढ्याशा निरीक्षणावर चौकटीची मधपेटी उभी राहिली. चौकट उचलावी, उजेडाकडे धरावी, अळ्या पाहाव्या आणि परत जागेवर ठेवावी. ह्या पेटीने मध वाढला हे खरेच. पण सामान्य मधपाळाला जिवंत मोहोळाच्या पोटात पाहता येऊ लागले, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

आता पाहणारा माणूस हवा होता. अमेरिकेच्या शेतीखात्यात व्हाइट नावाचे शास्त्रज्ञ होते. अळी कुजण्याचा जो रोग लोक सरसकट एकच समजत, तो एक नसून अनेक आहेत, हे त्यांनी दाखवले. १९०६ साली त्यांनी एका रोगाचा जीवाणू ओळखला आणि १९१२ साली दुसऱ्याचा. ह्या दोन्हींना फाउलब्रूड म्हणतात, पहिल्याला अमेरिकन आणि दुसऱ्याला युरोपियन. पण तिसऱ्या एका प्रकारात सूक्ष्मदर्शकाखाली काहीच सापडेना. अळी मरे, तिची कातडी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होई आणि डोके वर उचललेले राही. व्हाइट ह्यांनी काय केले? मेलेल्या अळ्या पाण्यात घोटल्या. ते पाणी, ज्यातून जीवाणू पलीकडे जाऊ शकत नाहीत अशा बारीक गाळणीतून गाळले. गाळलेले पाणी साखरेच्या पाकात घालून निरोगी पेटीला पाजले. थोड्याच दिवसांत तिथल्या अळ्यांच्याही पिशव्या झाल्या! म्हणजे रोगाचे बीज जीवाणूहूनही लहान होते. १९१३ ते १९१७ ह्या काळातले हे काम. ज्याला आपण विषाणू म्हणतो, त्याची ओळख मधमाशीच्या घरात अशी पटली. ह्या रोगाचे नाव सॅकब्रूड. ते लक्षात ठेवा, पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

त्याच सुमारास इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाच्या बेटावर माश्या पेट्यांसमोर जमिनीवर सरपटत मरू लागल्या. ही साथ ब्रिटनभर पसरली. १९२१ साली ॲबर्डीनच्या रेनी ह्यांनी माशीच्या श्वासनलिकेत राहणारा एक अतिसूक्ष्म कोळी शोधून काढला आणि सगळ्यांना वाटले की गुन्हेगार सापडला. पुढे चाळीसएक वर्षांनी रॉथमस्टेडच्या बेली ह्यांनी प्रश्न उभा केला : कोळी सापडला हे खरे, पण साथ त्यानेच आणली कशावरून? माश्यांना लुळे करणारा विषाणू, उपासमार, खराब हवा ह्यांचाही हात त्यात असावा. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मंडळींनी हे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. घटनास्थळी जो सापडला तोच चोर, असे शास्त्रात धरून चालत नाही. हाच श्वासनलिकेतला कोळी भारतीय माशीतही असल्याची नोंद गुरदास सिंग ह्यांनी १९५७ साली केली.

आता आपल्याकडे येऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी ह्यांचा फुलोरा आणि कड्याकपारींत सातेरी माशी. महाबळेश्वर येथे १९४६ पासून मधुमक्षिकापालनाचे संघटित काम सुरू झाले. तिथल्या मधोत्पादकांची मधुसागर सहकारी संस्था आपल्यापैकी पुष्कळांना बाटलीवरून ठाऊक असेल. पेट्या वाढल्या, तशी त्यांच्या आजारांचीही विचारपूस होऊ लागली. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. १९७१ साली दिवाण, क्षीरसागर, गोडबोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकात महाराष्ट्रातल्या सातेरीच्या अळ्यांना झालेल्या जीवाणूच्या एका नव्या रोगाची नोंद केली. व्हाइट ह्यांनी १९१२ साली ज्याचे कारण सांगितले होते, तोच हा युरोपियन फाउलब्रूड. कोवळी अळी पिवळी पडते, घरात वेडीवाकडी वळते आणि मऊ होऊन मरते.

पण खरा तडाखा पुढेच बसायचा होता. १९७६ साली थायलंडमध्ये सॅकब्रूडचा एक नवा प्रकार आढळला. तो सातेरीच्या अळ्यांवरच घाला घालणारा होता. १९७८ साली तो मेघालयात दिसला आणि तिथून हिमालयाच्या पायथ्यापायथ्याने पसरत गेला. १९९१-९२ साली तो केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत उतरला आणि केरळात तर शंभरांतल्या नव्वदांहून अधिक वसाहती नाहीशा झाल्या. रबराच्या बागांतून पेट्या ठेवून पोट भरणारी कुटुंबे एका हंगामात रिकाम्या पेट्यांची धनी झाली. विषाणूवर औषध नाही. आजही नाही. तरीही पुष्कळांनी घाबरून पाकात प्रतिजैविके कालवली. त्याने विषाणू मरत नाही आणि औषधाचा अंश तेवढा मधात उतरतो. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा : राणीला काही दिवस कोंडून अंडी थांबवणे आणि जी मोहोळे साथीतून तगली, त्यांच्याच वंशाच्या राण्या वाढवणे. केरळातल्या पेट्या पुन्हा उभ्या राहिल्या, त्या बहुतांशी अशा तगलेल्या मोहोळांच्या वंशावर.

हे झाले आपल्या माशीचे. दुसरी गोष्ट अगदी उलट्या दिशेची आहे. १९०४ साली जावा बेटावर सातेरीच्या पोळ्यात एक तांबूस, चपटा, टाचणीच्या डोक्याएवढा परजीवी सापडला. त्याचे नाव व्हॅरोआ. सातेरीशी त्याचा जुना संसार. तो बहुतेक करून नराच्या घरातच विणतो, माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला उचलून चावतात, म्हणून तो डोईजड होत नाही. पण माणसाने युरोपातली माशी पेट्यांतून अतिपूर्वेला नेली आणि तिला हा पाहुणा लागला. ह्या बिचारीला त्याची सवय नव्हती. तो कामकरी माशीच्या घरातही विणू लागला आणि पंख वेडेवाकडे करणारा विषाणू सोबत वाहू लागला. १९८७ साली तो अमेरिकेत पोचला, १९९२ साली ब्रिटनमध्ये आणि २०२२ साली ऑस्ट्रेलियात. गंमत अशी की, जगभर नासधूस करणारी ही जात जावाच्या जातीहून वेगळीच आहे, हे २००० साली अँडरसन आणि ट्रूमन ह्यांनी दाखवले. तोवर पन्नासएक वर्षे सगळे शास्त्रज्ञ तिला चुकीच्या नावानेच हाका मारत होते!

भारतात युरोपियन माशी, म्हणजे मेलिफेरा, नीट रुजली ती १९६२ साली कांगडा खोऱ्यातल्या नगरोटा येथे, प्राध्यापक अटवाल ह्यांच्या प्रयत्नाने. तिच्या मानगुटीवर व्हॅरोआ तर बसलाच, शिवाय आपल्या आग्या माशीकडचा ट्रॉपिलीलॅप्स हा दुसरा परजीवीही बसला. तो नुसत्या मोठ्या माशीवर जगू शकत नाही, त्याला अळी लागते. पोळ्यात अळ्या नसल्या तर दोन-तीन दिवसांत त्याचा कारभार आटोपतो. पोलंडचे वोयके ह्यांनी ह्याचाच आधार घेऊन, काही दिवस पोळे अळ्यांविना ठेवण्याचा बिनऔषधी उपाय सांगितला. आता आग्याची रीत आठवा. हंगाम संपला की ती पोळे सोडून कोसच्या कोस दूर निघून जाते. परजीवी मागे रिकाम्या पोळ्यात उपाशी मरतो. मोहोळ उठून जाणे हा आपल्या हिशेबी तोटा. माशीच्या हिशेबी ते आजारी घर टाकून नवे घर करणे असते, असे मला वाटते.

आता श्रीपूरकडे पाहा. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे ह्यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, श्रीपूरला साखर कारखाना उभा राहिला आणि हा मुलूख उसाचा झाला. डोळ्याला हिरवागार, पण माशीला? ऊस बहुधा तुरा येण्याआधीच तुटतो, आणि तुरा आला तरी त्यात मध नाही. गूळ-साखरेच्या गोडीवर माश्या घोंगावतात, काही पाकात पडून मरतात. नुसती साखर म्हणजे माशीला भाकरीविना गूळच. अळी वाढते ती परागकणांवर. ज्वारीचा पराग, करडई, सूर्यफूल, कांद्याचे बियाणे, बांधावरची बाभूळ, कडुलिंब, शेवगा हे तिचे खरे जेवण. बांध साफ झाले, शिवारात एकच पीक आले की अळ्या अशक्त होतात आणि अशक्त मोहोळात रोग लवकर शिरतो. शिवाय उपाशी माश्या शेजारच्या दुबळ्या पेटीवर दरोडा घालतात. त्या लुटीबरोबर रोगाचे बीजही घरी आणतात. म्हणून माश्यांना पाक पाजायचा तर तो संध्याकाळी, पेटीच्या आत, एक थेंबही बाहेर न सांडता.

सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागांत फळधारणेसाठी मधपेट्या भाड्याने आणू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ट्रकमधून पेटी येते, तशी तिची दुखणीही येतात. पेटी उतरवून घेण्याआधी एक चौकट उचलून दाखवायला सांगावी. अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या आणि घरात चंद्रकोरीसारख्या वळून पडलेल्या असाव्या. काही पिवळ्या पडलेल्या, काही डोके वर करून पिशवी झालेल्या, घरांची झाकणे विस्कटलेली आणि भोके पडलेली दिसली, तर ती पेटी उतरवू नये. माश्यांच्या पाठीवर तांबूस ठिपके दिसतात का, पंख चुरगळलेले आहेत का, तेही पाहावे. आणि पेटी बागेत असेपर्यंत फुलांवर औषध फवारू नये. अगदीच फवारावे लागले तर मधपाळाला आदल्या दिवशी निरोप द्यावा आणि माश्या पेटीत परतल्यावर, दिवस मावळल्यानंतरच पंप खांद्यावर घ्यावा.