आरोग्यशिक्षण, शालेय : महाराष्ट्र

शालेय वयातील मुलामुलींना शरीराची रचना व कार्य, रोगांची कारणे आणि त्यांचा प्रतिबंध यांचे ज्ञान देणे, तसेच स्वच्छता, आहार, व्यायाम व विश्रांती यांविषयीच्या हितकर सवयी त्यांच्या अंगी बाणविणे, यास शालेय आरोग्यशिक्षण म्हणतात. त्याची तीन अंगे मानली जातात : वर्गातील अध्यापन, विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी व उपचार, आणि शाळेचा परिसर, म्हणजे पाणी, स्वच्छतागृह, उजेड, खेळती हवा व क्रीडांगण. ही तिन्ही अंगे परस्परावलंबी आहेत. महाराष्ट्रातील या विषयाचा इतिहास म्हणजे बव्हंशी ही अंगे एकमेकांपासून अलग कशी राहिली आणि जेथे ती एकत्र आली तेथे काय साधले, याचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : पारंपरिक समाजात आरोग्याचे शिक्षण घरातच मिळे. दंतधावन, स्नान, बाहेरून आल्यावर हातपाय धुणे, पाणी गाळून भरणे इ. आचार मुले वडीलधाऱ्यांचे पाहून उचलीत. आयुर्वेदातील दिनचर्या व ऋतुचर्या या कल्पनांचा अंश लोकाचारात उतरलेला होता. गावोगावच्या तालमींतून मुलगे व्यायामाचे धडे घेत. मुलींना मात्र तेथे प्रवेश नसे. या आचारांचा पाया रोगप्रतिबंधापेक्षा शुचितेच्या कल्पनेवर अधिक होता आणि ती कल्पना जातिभेदाशी निगडित होती. अस्पृश्य मानलेल्या समाजांना सार्वजनिक पाणवठे बंद असल्याने त्यांच्या मुलांना स्वच्छतेचा उपदेश करणे निरर्थक ठरे. महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने (मार्च १९२७) पाण्यावरील समान हक्काचा प्रश्न जाहीरपणे पुढे आणला. सवयीला साधनाची जोड लागते, ही या विषयातील मूलभूत गोष्ट त्या प्रश्नाच्या मुळाशीही होती.

शाळेतील मुलांच्या प्रकृतीची जबाबदारी शासनाने घ्यावी, हा विचार सक्तीच्या शिक्षणाबरोबर आला. मुलाला शाळेत येण्याची सक्ती करणाऱ्या शासनाला, ते उपाशी आहे काय, त्याला फळ्यावरील अक्षर दिसते काय, याकडे दुर्लक्ष करता येईना. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस आलेल्या तरुणांपैकी पुष्कळ जण शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरले. त्यानंतर झालेल्या चौकशीतून १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. भारतात अशा तपासणीचा पहिला मान बडोदे शहराकडे जातो (१९०९). महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोगादाखल सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू केले होते. त्या पाठोपाठ तीनच वर्षांनी ही तपासणी यावी, हा केवळ योगायोग नव्हे.

बालशिक्षणातील प्रयोग : मराठी प्रदेशात सवयींच्या शिक्षणास शास्त्रीय अधिष्ठान देण्याचे कार्य ताराबाई मोडक (१८९२—१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०—९२) यांनी केले. ताराबाईंनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसून आल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली व त्यातून अंगणवाडीची कल्पना आकारास आली. तेथे दिवसाचा आरंभ पाठाने होत नसे. मुलांची आंघोळ, केस विंचरणे, नखे व कपडे यांची स्वच्छता हाच पहिला पाठ असे. १९५७ पासून हे कार्य कोसबाड येथे चालले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रायोगिक प्रकल्पांनी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले.

किशोरवयीन शरीराविषयीचे शिक्षण मात्र दीर्घकाळ वर्ज्य राहिले. र. धों. कर्वे (१८८२—१९५३) यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक १९२७ पासून मृत्यूपर्यंत चालवून कामजीवन व संततिनियमन यांची शास्त्रीय माहिती मराठीत आणली. त्यासाठी त्यांना अश्लीलतेच्या आरोपावरून खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. हे मासिक प्रौढांसाठी होते. तथापि त्याला झालेला विरोध पुढे शाळांतील अशा शिक्षणालाही झाला.

मराठवाडा : परभणीसह मराठवाड्याचे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. माध्यमिक व उच्च शिक्षणात उर्दूचे प्राबल्य असल्याने ग्रामीण मराठी मुलांना शाळाच दुरापास्त होती. मग शालेय आरोग्यसेवेची गोष्ट दूरच. ब्रिटिश भारतातील स्थितीही फारशी वेगळी नव्हती. भोर समितीने आपल्या अहवालात (१९४६) शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नसल्याचे नमूद केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग बनला.

यानंतरची महत्त्वाची घटना म्हणजे १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे या दोहोंचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. त्यामुळे परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावी मुलांना शिकविणारा शिक्षक आणि त्यांना लस टोचणारा आरोग्यसेवक हे एकाच संस्थेचे सेवक झाले. शिक्षण व आरोग्य यांची सांगड घालण्यास ही रचना अनुकूल होती. परंतु दोन्ही विभागांचे कार्यक्रम, अधिकारी व अंदाजपत्रके स्वतंत्र राहिल्याने तिचा पुरेसा लाभ घेतला गेला नाही. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १८ मे १९७२) परभणी येथील गृहविज्ञान महाविद्यालयाने अन्न व पोषण आणि बालविकास या विषयांच्या उच्च शिक्षणाची सोय विभागातच उपलब्ध करून दिली.

नारूचे उच्चाटन : कोरडवाहू प्रदेशातील आरोग्यशिक्षणाचे सर्वांत बोलके उदाहरण नारू या रोगाचे आहे. पायऱ्यांच्या विहिरींतून व बारवांतून पाणी भरताना रोग्याचा पाय पाण्यात बुडे. पायावरील फोडातून नारूच्या कृमीची पिले पाण्यात उतरत. तेथील सूक्ष्म जलपिसवा ती गिळत आणि असे पाणी पिणाऱ्याच्या शरीरात सु. एक वर्षाने लांबलचक कृमी तयार होऊन कातडीबाहेर येई. रोगी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. शाळकरी मुलांची शाळा बुडे; आईवडिलांपैकी कोणी आजारी पडल्यास घरचे काम मुलांवर येऊन ती दुहेरी बुडे. या रोगावर लस नव्हती आणि तो बरा करणारे औषधही नव्हते. दुपदरी कापडातून पाणी गाळणे, फोड आलेला पाय पाण्यात न घालणे आणि पायऱ्यांच्या विहिरींऐवजी सुरक्षित पाणी वापरणे, एवढेच उपाय होते. ज्ञान हेच येथे मुख्य औषध होते.

या ज्ञानाला साधनाची जोड मिळाली, हे महत्त्वाचे. मराठवाड्यातील कठीण खडकात खोदलेल्या विंधन विहिरींवरील आरंभीचे ओतीव लोखंडाचे हातपंप वारंवार मोडत. जालना व सोलापूर येथील ख्रिस्ती मिशनांच्या जलप्रकल्पांत त्यांत सुधारणा करण्यात आल्या. सोलापूरच्या पंपाच्या आधारे १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा मजबूत पंप तयार झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींची संख्या झपाट्याने वाढली आणि गावाच्या, क्वचित शाळेच्या, आवारात ‘हापसा’ आला. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३—८४ मध्ये सुरू झाला. पाण्यात कीटकनाशक टाकणे, पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर करणे, रोग्यांचा शोध घेणे आणि लोकांना पाणी गाळण्यास शिकविणे ही कामे त्यात एकाच वेळी चालली. भारतातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

मुले : ज्ञानाचे वाहक : मूल हे आरोग्यशिक्षणाचे केवळ ग्राहक नसून वाहकही असते, ही जाणीव याच काळात दृढ झाली. देवी निर्मूलनाच्या १९७३—७५ मधील शोधमोहिमांत कर्मचारी देवीच्या रोग्याचे चित्र घेऊन शाळाशाळांतून जात. कोणाच्या घरी, कोणत्या आळीत असा रोगी आहे, हे मुले निःसंकोच सांगत. आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या (१९७९) सुमारास ‘मुलांकडून मुलांकडे’ ही चळवळ लंडन येथून सुरू झाली. मुंबईतील मालवणी या दाट वस्तीत शाळकरी मुलांना कुटुंबाचे आरोग्यदूत म्हणून तयार करण्याचा प्रयोग झाला व त्याची अन्य देशांतही दखल घेतली गेली. धाकट्या भावंडांचे संगोपन मोठ्या मुलांवर, विशेषतः मुलींवर, पडते, या वास्तवाचा अशा प्रयोगांनी उपयोग करून घेतला. मात्र मुलींवरील हा भार आरोग्यशिक्षणाच्या नावाखाली वाढू नये, याची दक्षता घेणेही आवश्यक ठरते.

समित्या व अभ्यासक्रम : माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२—५३) विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीवर भर दिला. १९६० मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या शालेय आरोग्य समितीचा अहवाल १९६१ मध्ये सादर झाला. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी १९६७ मध्ये ‘बालभारती’ची स्थापना झाल्यावर पचनसंस्था, संसर्गजन्य रोग, समतोल आहार हे विषय प्राथमिक विज्ञानाच्या पुस्तकांतून राज्यभर एकसारखे पोहोचले. पाठ उत्तम असले, तरी परीक्षेत विचारले जाई ते जीवनसत्त्वांचे प्रकार व रोगांची नावे. हात कसे धुवावेत हे ज्ञात असूनही शाळेत पाणी नसल्याने ते न धुणारा विद्यार्थी या परीक्षेत उत्तीर्ण होई.

ही उणीव कायद्याने काहीशी भरून काढली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा (२००९) १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सुरक्षित पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे हे शाळेचे अनिवार्य घटक त्याने ठरविले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सुविधा सहा महिन्यांत पुरविण्याचा आदेश राज्यांना दिला. शालेय पोषण आहार योजनेत १९९५ पासून मुलांना धान्य मिळे. न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ मधील आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. खिचडीपूर्वी रांगेने हात धुणे हा पुष्कळ ग्रामीण शाळांत दैनंदिन परिपाठ बनला. जेथे नळाला पाणी आहे, तेथे हे शिक्षण वेगळ्या तासिकेवाचून घडते.

किशोरवयाचा प्रश्न : केंद्र शासनाचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम २००५ पासून राबविण्यात येऊ लागला. त्यातील लैंगिक शिक्षणाच्या साहित्यास अनेक राज्यांत विरोध झाला व २००७ मध्ये महाराष्ट्र शासनानेही ते शाळांतून देण्यास बंदी घातली. साहित्यातील चित्रे व भाषा वयास अनुरूप नाहीत, हा एक आक्षेप होता. विषयच शाळेत नको, हा दुसरा. या दोहोंतील भेद वादात पुसट झाला आणि ऋतुप्राप्ती, शरीरातील बदल, लैंगिक शोषणापासून संरक्षण यांविषयीची आवश्यक माहितीही मागे पडली. याउलट गडचिरोली येथील ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ या शिबिरांद्वारे युवकयुवतींशी मराठीत मोकळा व शास्त्रीय संवाद साधला. मासिक पाळीच्या संदर्भात राज्य शासनाने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ नगांचे पाकीट देऊ केले. येथेही स्वतंत्र स्वच्छतागृह व पाणी यांवाचून साधनाचा पूर्ण उपयोग होत नाही.

अलीकडील कार्यक्रम : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. जन्मजात दोष, न्यूनताविकार, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार प्रकारांसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी फिरती पथके करतात. १० ते १९ वर्षे वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या आणि २०१५ पासून पाळला जाणारा राष्ट्रीय जंतनाशक दिन यांमुळे औषधवाटपाचे केंद्रही शाळाच बनली. २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाबंदीही लागू केली. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य व निरामयता कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करण्याची तरतूद आहे.

मूल्यमापन : शतकभराच्या या वाटचालीतून एक निष्कर्ष निघतो. सांगितलेली गोष्ट त्याच दिवशी करता येईल अशी असेल, तेव्हा आरोग्यशिक्षण फलद्रूप झाले. बोर्डीच्या अंगणात पाणी व फणी होती, नारूच्या गावात गाळण्यासाठी फडके व पुढे हापसा होता. केवळ उपदेश असेल, तेथे तो परीक्षेपुरता राहिला. तपासणीची पथके दोष शोधतात. परंतु दोष आढळलेल्या मुलाला तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत नेण्यासाठी पालकाची मजुरी बुडते, ही अडचण पाठ्यपुस्तकाने सुटणारी नाही. तंबाखूचा पाठ शिकणारे मूल घरी मिश्री व तंबाखूची डबी पाहते. त्यामुळे शाळा, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत आणि घर यांची सांगड हीच या शिक्षणाची खरी कसोटी आहे. जिल्हा परिषदांच्या रूपाने तशी सांगड घालण्याची चौकट महाराष्ट्रात १९६२ पासूनच उपलब्ध आहे.